गॅस कमी झालाय, साहेब

जुन्या गाडीचा एसी बिघडला की पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही गॅरेजात पहिलं निदान एकच होतं. गाडी अजून पुरती थांबलेली नसते, मालकाचा एक पाय आत आणि एक बाहेर असतो, तेवढ्यात फडक्याला हात पुसत एसीवाला जाहीर करतो, "गॅस कमी झालाय, साहेब." मालक म्हणतो, "अहो, गेल्याच महिन्यात भरला की!" एसीवाला जराही डगमगत नाही. "मग जास्त झाला असेल."

गंमत अशी की दोन्ही शक्यता खऱ्या असतात. गॅस फार कमी झाला तर दाब मोजणारा स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही, आणि जास्त भरला तर दाब वाढून गारवा उलट कमी होतो. त्यामुळे हे विधान करणारा माणूस सहसा तोंडघशी पडत नाही. पण हे शास्त्र साध्या एसीचं. डॅशबोर्डच्या मधोमध फिरवायची बटणं नसून एक छोटा पडदा आहे आणि त्यावर '२२' असा आकडा उमटतो, अशी गाडी समोर आली की एसीवाला बॉनेट उघडण्याआधी जरा मागे सरकतो. कारण हा नुसता एसी नाही, हा क्लायमेट कंट्रोल आहे. त्याचा वायदा असा, की मालकानं फक्त तापमान सांगावं आणि विसरून जावं. पंखा किती फिरवायचा, गार हवेत गरम किती मिसळायची, वारा तोंडावर सोडायचा की पायावर, हे सगळं आत बसलेलं मॉड्यूल बघून घेईल.

पहिली दहाएक वर्षं ते खरंच बघून घेतं. मग एके दिवशी पडद्यावरच्या आकड्याचा खालचा अर्धा भाग गायब होतो. उजवीकडच्या झरोक्यातून महाबळेश्वर येतं आणि डावीकडून चंद्रपूर. पंखा सुरू होतो तो पूर्ण वेगानं, आणि बंदचं बटण दाबलं तरी थांबत नाही. डॅशबोर्डच्या पोटातून टक, टक, टक असा आवाज यायला लागतो. अशा वेळी गाडीतलं काहीच कळत नसलेला कोणीतरी, बहुतेक वेळा मेहुणा, ठामपणे सांगतो, "मॉड्यूल गेलं."

तिथून पुढचे सहा महिने मालकाच्या आयुष्यात दुसरा विषय नसतो.

वास्तविक गाडीतली हवा गार करण्याचा उद्योग सुरू झाला तेव्हा मॉड्यूलच काय, धड बटणसुद्धा नव्हतं. कारखान्यातूनच एसी बसवून देण्यात पहिली म्हणून पॅकार्ड या अमेरिकी कंपनीचं नाव घेतलं जातं. तिच्या १९४० च्या मॉडेलांना २७४ डॉलर जादा मोजले की तो मिळायचा. त्याची कॉइल आणि पंखा डिकीत, त्यामुळे सामानाची जागा गेली, आणि गार वारा मागच्या सीटच्या पाठीमागून पुढे यायचा. पंख्याचा वेग तेवढा कमी करता येई, पण कॉम्प्रेसर थांबवायची सोय गाडीत बसल्या बसल्या नव्हतीच. त्यासाठी इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हातानं काढून ठेवायचा. 'जरा कमी करा हो, गारठायला होतंय' या मागणीची एवढी शारीरिक किंमत पुढे कुठल्याच नवऱ्याला मोजावी लागली नाही.

तापमान सांगा आणि विसरा, हा वायदा पहिल्यांदा केला कॅडिलॅकनं, १९६४ साली. यंत्रणेचं नाव 'कम्फर्ट कंट्रोल'. वर्षभर एकच आकडा लावून ठेवायचा, हिवाळ्यात तीच गरम हवा देणार आणि उन्हाळ्यात गार. पुढच्या वीसएक वर्षांत ही चैन महागड्या गाड्यांत पसरली आणि तिच्याबरोबर तिचे आजारही.

त्यातला सर्वांत नामवंत आजार जडला मर्सिडीजला. डब्ल्यू १२३ ही तिची १९७६ साली आलेली गाडी म्हणजे टिकाऊपणाचा आदर्श. एकूण जवळपास २७ लाख गाड्या निघाल्या, आणि तिच्या डिझेल इंजिनाची ख्याती अशी की लाखो किलोमीटर झाल्यावर मालक म्हणायचे, आता कुठे रुळलं. या गाडीसाठी जर्मनांनी स्वयंचलित एसीची यंत्रणा मात्र आयती आणली, अमेरिकेच्या क्रायस्लरकडून. अमेरिकेत गेलेल्या अनेक गाड्यांत ती असायची. तिचा मेंदू आणि हात-पाय एकाच डब्यात होते. सर्वो नावाच्या त्या डब्यातून इंजिनाचं उकळतं पाणी फिरायचं, त्यातच व्हॅक्यूमच्या नळ्या, त्यातच विजेच्या तारा, आणि डब्याचं अंग प्लास्टिकचं. रोज तापायचं, रोज निवायचं. काही वर्षांनी ते वाकडं व्हायचं, तडकायचं आणि पाणी गळायला लागायचं. पाणी पुरेसं गळलं तर इंजिन तापणार. म्हणजे जे इंजिन काळाला हार जात नव्हतं, ते मालकाला गार वारा देणाऱ्या डब्यामुळे उकडून निघण्याची वेळ आली.

पुढे बाहेरच्या कारागिरांनी ॲल्युमिनियमच्या अंगाचे सर्वो बनवले. काही मालकांनी वैतागून सगळी स्वयंचलित यंत्रणाच उपटून फेकली आणि साधे स्विच बसवून घेतले. मर्सिडीजनंही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा सर्वो सोडून दिला. पुण्यात मर्सिडीज जुळवायला सुरुवात झाली ती १९९५ साली, पुढच्या पिढीच्या डब्ल्यू १२४ पासून. तोवर सर्वो इतिहासजमा झाला होता, एवढं पिंपरीचं नशीब बलवत्तर.

आपल्याकडे क्लायमेट कंट्रोल मध्यमवर्गाच्या अंगणात आला तो साधारण २००० नंतर, आणि आला तो संपूर्ण चुकीच्या माणसांच्या हाती. मराठी गाडीमालकाची एसीबद्दलची श्रद्धास्थानं पक्की आहेत. एसी लावला की ॲव्हरेज पडतं. घाट आला की एसी बंद. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ दिसला, की गाडी कितीही दमदार असो, मालकाचा हात आपोआप बटणाकडे जातो. मागच्या सीटवर कानाला स्कार्फ गुंडाळून बसलेली आजी म्हणतेच, "बंद कर रे ते, कानात वारं जातंय." शेजारी बसलेल्या सूनबाईंना २० हवं असतं, चालवणाऱ्याला २४, आणि मुलांना काच उघडून हात बाहेर काढायचा असतो. ज्या यंत्राला एकदा आकडा सांगून विसरायचं, त्याला दर दहा मिनिटांनी नवा हुकूम मिळतो. गंमत म्हणजे घाटाची ही काळजी अनेक गाड्या स्वतःच घेतात. ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबला की काही क्षणांपुरता कॉम्प्रेसर आपणहून सुटतो. पण मालकाचा विश्वास स्वतःच्या बोटावरच.

हे मॉड्यूल बापडं स्वतः काहीच अनुभवत नाही, ऐकीव माहितीवर चालतं. आतली हवा किती गरम हे सांगणारा सेन्सर बहुधा पॅनेलवरच्या बारीक जाळीमागे असतो. खरी हवा त्याच्यापर्यंत पोहोचावी म्हणून त्याच्यापाशी एक चिमुकला पंखा किंवा हवा ओढणारी नळी असते. त्या जाळीत पंधरा वर्षांची धूळ आणि उदबत्तीचा धूर बसलेला असतो. बाहेरची हवा मोजणारा सेन्सर पुढच्या बंपरच्या मागे, म्हणजे जिथे पार्किंगमध्ये पहिली धडक बसते तिथे. तिसरा ऊन मोजणारा, पुढच्या काचेखाली डॅशबोर्डवर, आणि बरोबर त्याच जागी गणपती विराजमान असतात. बाप्पांच्या छायेत बसलेल्या सेन्सरला भर एप्रिलात वाटतं की आभाळ भरून आलंय, आणि तो तसं मॉड्यूलला कळवतो. चौथा कूलिंग कॉइलपाशी असतो, तिच्यावर बर्फ धरू नये म्हणून. या चार साक्षीदारांच्या जबानीवर मॉड्यूल निकाल देतं आणि फ्लॅप हलवणाऱ्या छोट्या मोटारींना, पंख्याला, कॉम्प्रेसरच्या क्लचला हुकूम सोडतं.

साक्षीदार खोटं बोलला तर निकाल चुकणारच. हे तापमानाचे सेन्सर असे बनवलेले असतात की गारवा वाढला की त्यांचा विजेला होणारा विरोध वाढतो. आता बंपरमागचा कपलर निसटला, म्हणजे सेन्सरचा तारेशी संबंधच उरला नाही, तर विरोध अमर्याद. मॉड्यूल त्यावरून अनुमान काढतं की बाहेर कल्पनेपलीकडची थंडी पडली असावी, आणि बऱ्याच गाड्यांच्या पडद्यावर आकडा येतो उणे ४०. मे महिन्यात, नागपूरच्या वर्धा रोडवर, सिग्नलला उभं असताना. या आकड्याचं वैशिष्ट्य हे की सेल्सियस आणि फॅरनहाइट यांचं एकमत होतं ते फक्त इथे. मालकाला हे शास्त्र ऐकण्यात रस नसतो. तो घाम पुसत म्हणतो, "बघा, मॉड्यूल गेलं ना?"

गेलेलं नसतं. त्यानं मिळालेल्या माहितीवर प्रामाणिकपणे हिशेब केलेला असतो.

टोयोटाच्या अनेक गाड्यांत बिघाड ओळखायची एक गुप्त रीत असते. दोन ठरावीक बटणं दाबून धरून किल्ली फिरवली की पॅनेलवरचे दिवे लुकलुकतात आणि मग बिघाडांचे आकडे उमटतात. गॅरेजात हा प्रयोग मोठ्या गंभीरपणे होतो. चार माणसं जमतात, चहा थांबतो. आकडा येतो २१. यादीत पाहिलं तर २१ म्हणजे ऊन मोजणारा सेन्सर बाद. लगेच शोरूमला फोन, किंमत विचारली जाते, मालकाचा चेहरा पडतो. वास्तविक कंपनीच्याच दुरुस्तीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की तपासणी अंधाऱ्या जागी केली तर हा आकडा येऊ शकतो. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी, सेन्सरला ऊन दिसेनासं झालं, त्यानं तसं सांगितलं. गाडी चार फूट पुढे उन्हात घेतली की सेन्सर बरा होतो. पण चार फूट पुढे घ्यायला तिथे दुसऱ्याची रिक्षा उभी असते.

पंखा थांबत नाही, हा आरोपही बहुधा चुकीच्या माणसावर होतो. पंख्याचा वेग सांभाळणारा एक वेगळा रेग्युलेटर असतो. त्यातला ट्रान्झिस्टर जळून शॉर्ट झाला की मॉड्यूलनं कितीही विनवण्या केल्या तरी पंखा पूर्ण वेगानंच फिरतो. ती टकटक म्हणजे फ्लॅपच्या मोटारीतल्या प्लास्टिकच्या चाकाचे दात गेलेले. ही मोटार स्वस्त असते, पण तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी निम्मा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्यामुळे बरेच मालक आवाज ऐकू नये म्हणून गाणी मोठ्यानं लावतात, आणि हा उपाय वाटतो तितका वाईट नाही.

निर्दोष मॉड्यूलची सर्वांत हृदयद्रावक कथा मात्र औरंगाबादच्या मातीशी जोडलेली आहे. स्कोडानं २००१ साली शेंद्र्याच्या कारखान्यात ऑक्टेव्हिया जुळवायला घेतली. शहराचं नाव पुढे बदललं, गाडीची कीर्ती अजून टिकून आहे. ही गाडी फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फची सख्खी चुलत बहीण, आणि घराण्याचा एक वारसा दोघींकडे आला. आतल्या फ्लॅपना मुद्दाम भोकं पाडलेली असतात आणि ती झाकायला वर फोमचं अस्तर चिकटवलेलं असतं. वर्षं गेली की फोमचा भुगा होतो. मग एखाद्या शुभदिनी पंखा लावला की झरोक्यातून काळे कण उडतात आणि पांढऱ्या शर्टावर संक्रांतीचे तीळ सांडल्यासारखे पसरतात. मालकाला वाटतं, इतकी वर्षं साचलेला कचरा निघाला, बरं झालं. कचरा नाही, फ्लॅपची कातडी निघालेली असते. आता फ्लॅप मिटला तरी भोकांमधून गरम हवा येतच राहते. मॉड्यूलनं हुकूम बरोबर दिला, मोटार बरोबर फिरली, फ्लॅप बरोबर जागी बसला, स्कॅनर लावला तर एकही बिघाड दाखवत नाही, आणि गाडीत उकडतंय. एवढं सगळं सिद्ध झाल्यावर मालक काय करतो? मॉड्यूल बदलतो.

नवं मॉड्यूल शोरूममध्ये मिळत नाही. मिळालं तर किंमत ऐकून मालक गाडीच्या एकूण बाजारभावाशी तिची तुलना करायला लागतो, आणि त्या वाटेनं कोणी जाऊ नये. मग सुरू होते बाजारयात्रा. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारणा होते. तिथे मान न हलवताच नकार द्यायची पद्धत आहे. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार. तिथे मॉड्यूल मिळतं, पण ते गाडीचं आहे की वॉशिंग मशीनचं, याची खात्री विकणाऱ्यालाही नसते. शेवटी मुंबईला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. ज्या कुर्ल्यात एके काळी प्रीमियर पद्मिनी तयार व्हायची, तिथेच आता गाड्यांचे अवयव सुटे मिळतात. त्या पद्मिनीत वातानुकूलन म्हणजे पुढच्या दाराची तिकोनी काच. ती फिरवली की वारा थेट छातीवर. तिला ना सेन्सर, ना कोड, आणि मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस २०२३ च्या ऑक्टोबरात उजाडला तोवर तिकोनी काचेचं मॉड्यूल गेल्याची तक्रार कोणी केली नव्हती.

कुर्ल्याचा दुकानदार ढिगातून हुबेहूब तसाच पॅनेल काढून देतो. "सेम टु सेम आहे, डोळे मिटून घ्या." मालक डोळे मिटून घेतो, इथेच घात होतो. पार्ट नंबर सगळा जुळतो, शेवटचं अक्षर तेवढं वेगळं असतं. त्या एका अक्षरात काहीही दडलेलं असू शकतं: डिझेल की पेट्रोल, सीट गरम करायची सोय आहे की नाही, फ्लॅपच्या मोटारी कुठल्या जातीच्या. काही मालक शहाणपणा करून न्यू जर्सीच्या भाच्याला कामाला लावतात. भाकरवडी जाते त्या बॅगेतून मॉड्यूल येतं. बसवल्यावर पडद्यावर उमटतं ७२. गाडी पेटली की काय म्हणून आजी उतरायला लागते. ते फॅरनहाइट असतं.

बसवण्याचा सोहळा वेगळाच. मधला पॅनेल दोनच स्क्रूवर असतो, असं वायरमन सांगतो. ते दोन दिसणारे. न दिसणारे आणखी चार ॲशट्रेच्या मागे, रेडिओच्या खाली आणि अशा जागी असतात जिथे माणसाचा हात कोपरातून उलटा वळावा लागतो. पंधरा उन्हाळे सोसलेलं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. प्रत्येक क्लिप सुटताना कट्‌ असा आवाज येतो आणि दर वेळी वायरमन मालकाकडे न बघता म्हणतो, "ही आधीच तुटलेली होती." सगळं परत लावून झाल्यावर सीटखाली एक स्क्रू उरतो. तो जपून ठेवला जातो. कुठला होता हे कोणी विचारत नाही.

एवढं झाल्यावरही बऱ्याच गाड्यांत काम संपत नाही. नवीन मॉड्यूलला घराची ओळख करून द्यावी लागते. स्कॅनर लावून ते कोणत्या गाडीत आलंय हे कोडिंग करून सांगायचं, आणि मग प्रत्येक फ्लॅप या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून त्याला हद्द शिकवायची. हे न करता किल्ली ताब्यात घेणाऱ्या मालकाला पायाशी गारवा आणि डोक्याशी ताप असा अनुभव येतो. मग तो पुन्हा गॅरेजात जातो. तिथे काय ऐकायला मिळतं, ते वाचकाला आता सांगायला नको.

आणि जे मॉड्यूल खरोखर गेलेलं असतं, त्याचं काय? असतात तशीही. पण त्यांचाही आजार बऱ्याचदा किरकोळ निघतो. वर्षानुवर्षं तापून-निवून एखादा टाका सुटतो, ज्याला कारागीर ड्राय सोल्डर म्हणतात, किंवा पडद्याला जोडणारी चपटी पट्टी सुटते, किंवा काही रुपयांचा कपॅसिटर फुगतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर, भिंग लावून बसलेली माणसं हे टाके पुन्हा घालून देतात. त्यांना गाडी कुठली हे ठाऊक नसतं आणि विचारायचीही गरज वाटत नाही. आधी फ्यूज, कपलर, सेन्सर, पंख्याचा रेग्युलेटर आणि फ्लॅपच्या मोटारी तपासाव्यात, मग हे टाके पाहावेत, आणि एवढं करूनही काही हाती लागलं नाही तरच कुर्ल्याला जावं. या क्रमानं गेलेल्या माणसाला कुर्ल्याला जायची वेळ फारशी येत नाही. पण मेहुण्याचं निदान तपकीर गल्लीच्या निदानापेक्षा आधी येतं, ही आपल्या समाजरचनेची अडचण आहे.

समजा सगळं जमलं. उन्हात गाडी उभी, पडद्यावर अख्खा २२, दोन्ही झरोक्यांतून सारखीच गार हवा. मालक तृप्त होऊन गाणी लावायला जातो, तर रेडिओवर अक्षरं येतात: 'सेफ'. काम करताना बॅटरीची तार सोडवावी लागते, एअरबॅगच्या आसपास हात घालायचा असल्यानं ते योग्यच. पण जुन्या फोक्सवॅगन, स्कोडा, होंडा आणि आणखी बऱ्याच गाड्यांच्या रेडिओंना वाटतं की आपण चोरीला गेलो, आणि ते कोड टाकल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. फोक्सवॅगन घराण्याच्या बऱ्याच रेडिओंत दोनदा चुकलं की तासभर थांबायचं, मग पुन्हा दोन संधी. हा चार आकडी कोड लिहिलेलं कार्ड गाडीच्या पुस्तकात होतं. पुस्तक पहिल्या मालकाकडे राहिलं. पहिला मालक आता कॅनडाला असतो.

तेव्हा जुनी गाडी घेताना टायर पाहा, इंजिनाचा आवाज ऐका, एसी हवा तर २२ वर लावून बघा. पण पैसे देण्याआधी ग्लव्ह बॉक्समधलं ते कार्ड मागून घ्या.